नाव ‘सी’, आवाज ‘क’

शेजारची पहिलीतली पोर इंग्रजीचा धडा घडाघडा वाचत होती. मी पुस्तकावर हात ठेवला, तरी वाचन सुरूच! सगळं पाठ होतं. तिची आई रडवेली झाली. “ताई, मलेच इंग्रजी येत नाही, पोरीले काय शिकवू?”

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, पण कितीतरी आया अजून घाबरतात. मैत्रिणींनो, आपल्या अंजनगावच्या पानातला ‘प’ घ्या. त्याचं नाव ‘प’, आवाजही ‘प’. इंग्रजीत मात्र अक्षराचं नाव ‘सी’ आणि ‘कॅट’मध्ये आवाज ‘क’. म्हणून आधी आवाज शिकवा. ‘क्-ॲ-ट्’ सावकाश म्हणा, मग जोडून ‘कॅट’. ‘सेड’, ‘वॉज’ यांसारखे शब्द असे जोडून नीट जमत नाहीत, ते नजरेनंच ओळखायचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला ते मोठ्या अक्षरांत लिहा. रोज दोनच शब्द, दहाच मिनिटं. चुकलं तर रागावू नका.

महिनाभर मायलेकी पोळ्या लाटताना हेच खेळल्या. परवा शाळेच्या गाडीवरचा ‘बस’ हा शब्द पोरीनं स्वतः जोडून वाचला. मागोमाग आईनंही, हळूच!