कूलंट जातंय कुठे? जुन्या गाडीतली गळती शोधताना

कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते बंदिस्त वाटेनं इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि तिथून परत इंजिनात फिरत राहतं. म्हणून दर पंधरवड्याला पाणी घालावं लागत असेल, तर "जुनी गाडी आहे, पितेच थोडं" म्हणून सोडून देऊ नये. पाणी कुठून तरी जातंय. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग करून घेतलेल्या मारुती 800, ऑम्नी, इंडिका, सुमो यांसारख्या गाड्यांत इंजिनाआधी रबर, प्लास्टिक आणि गॅस्केट म्हातारी होतात. बऱ्याचशा गळत्या अशाच किरकोळ भागांतून होतात आणि थोडक्यात निपटतात. खिसा रिकामा होतो तो निदान न करता एकेक भाग बदलत गेल्यानं.

दाब आणि झाकण

समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांना उकळतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटर उंचीवर, ते 95-96 अंशांनाच उकळायला लागतं. इंजिनाचा थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो आणि चढाला कूलंट त्याच्याही बरंच वर जातं. तरी ते उकळत नाही, कारण रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काम करतं. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो. तेवढा जादा दाब ते आत धरून ठेवतं. 0.9 बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं, आणि त्यात कूलंटमधलं ग्लायकॉल निम्मं असेल तर आणखी वर.

म्हणजे बारीकशा गळतीनं नुसतं पाणी जात नाही, दाबही जातो, आणि कूलंटची बाटली भरलेली असतानाच गाडी उकळू शकते. म्हणून पहिला संशयित झाकणच. त्याच्या रबराला चिरा गेल्या असतील किंवा स्प्रिंग मऊ पडली असेल, तर नवं बसवावं. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाईप चपटा झालेला दिसला, तर पाणी परत आत ओढणारा झाकणातला छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे असं धरून चाला. नवं झाकण त्याच आकड्याचं घ्या. जास्त आकड्याचं झाकण लावून गाडी थंड राहत नाही, जुना रेडिएटर मात्र फाटतो.

आधी बघणं

इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी डाग पाहा. स्वच्छ, न चिकटणारं पाणी डाव्या सीटच्या खाली पडलं असेल तर ते बहुधा एसीचं. तपकिरी डाग इंजिन ऑइलचा. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागणारं आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. चव मात्र घेऊ नका, ते विष आहे.

डाग जिथे पडला, त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. पाणी पाईपवरून, चेसिसवरून घरंगळत जातं. गाडी धावताना वारा ते मागे ढकलतो, पंखा चहूकडे उडवतो. म्हणून डागापासून वर चढत, ओल सगळ्यात उंचावर कुठे दिसते ते शोधायचं. गरम इंजिनावर पडलेला थेंब लगेच वाळतो, मागे पांढरट किंवा हिरवट खवले राहतात. टॉर्च आणि आरसा घेऊन हे खवले शोधले की अर्धं काम होतं.

काही गळत्या फक्त थंडीत होतात: रात्रभरात रबर आकसतं, क्लिप सैल पडते, पहाटे थारोळं दिसतं आणि इंजिन तापलं की सगळं कोरडं. गॅरेजला गाडी गरमच पोचते, त्यामुळे मेकॅनिकला काहीच सापडत नाही. अशा वेळी गाडी रात्रभर गॅरेजलाच ठेवावी.

नेहमीच्या जागा

होज पाईप दाबून पाहा. चांगलं रबर लवचिक असतं; फार कडक झालेला, भज्यासारखा फुगलेला किंवा टोकाशी चिरलेला पाईप बदलायचाच. क्लिपजवळचं टोक नीट तपासा, गळती बहुधा तिथेच असते.

रेडिएटर दोन प्रकारचे. जुने तांब्या-पितळेचे, ज्यांना रेडिएटरवाला डाख लावून देतो. नंतरचे अ‍ॅल्युमिनियमचे, वर-खाली किंवा दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टाक्या असलेले. प्लास्टिक वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ठिसूळ होतं आणि जोडावर बारीक तडा जातो. त्यावर बाहेरून लावलेली पेस्ट फार दिवस टिकत नाही. टाकी किंवा अख्खा रेडिएटर बदलणं बरं.

वॉटर पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी. त्याच्या पोटाखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगवर न जाता तिथून बाहेर पडावं, हा त्याचा हेतू. भोकाखाली ओघळ दिसला तर पंप गेला. काही मंडळी ते भोकच बुजवतात! मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप वाटेत कुठे तरी जाम होतो. इंजिन बंद ठेवून, बेल्ट काढून पुली हलवून बघा; खेळ जाणवला तरीही पंप बदला. पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल, तर बेल्टही त्याच वेळी टाका, मजुरी एकदाच पडते.

डॅशबोर्डमागचा हीटर आपल्याकडे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. डावीकडचं पायपुसणं ओलं, काच आतून चिकट धुक्यानं भरलेली आणि गाडीत गोड वास, असं असेल तर हीटरची जाळी गळतेय. इंजिन ब्लॉकवर बसवलेल्या वाटीसारख्या पत्र्याच्या प्लगनाही, वर्षानुवर्षं नुसतं पाणी घातलं असेल तर, आतून गंज चढतो.

प्रेशर टेस्टर

डोळ्यांना सापडलं नाही, तर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून घ्या. झाकणाच्या जागी तो बसवून झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि काटा दहा-पंधरा मिनिटं पाहायचा. इंजिन थंड असल्यानं गळणारा थेंब वाळत नाही, सरळ दिसतो. ज्या गॅरेजमध्ये हे साधन नाही आणि तरी "रेडिएटर बदलावा लागेल" असं छातीठोक सांगतात, तिथून गाडी काढून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

काटा उतरतोय पण बाहेर थेंबही नाही, तर हीटर किंवा हेड गॅस्केट. हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा ओळखण्याजोग्या असतात: गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरी वाफ, थंड इंजिन सुरू करताच वरचा पाईप मिनिटभरात टणक, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ मलई. मात्र पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत थोडी मलई नुसत्या दमट हवेनंही जमते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तरच घाबरा. मग हेड उतरवणं, ते सपाट आहे का तपासणं आणि गरज असेल तर फेसिंग मारून घेणं, याला पर्याय नाही. इंजिन ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

हळद आणि पावडर

रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकण्याचा उपाय ट्रक ड्रायव्हरांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. बारीक भोकात हळदीचा चोथा बसतो आणि गळती काही काळ थांबते. बाजारातल्या लीक-स्टॉप पावडरीचं तत्त्वही बरंचसं तेच. घर गाठण्यापुरतं ठीक. पण हा चोथा गळतं भोक आणि रेडिएटरची अरुंद नळी यांत फरक करत नाही. हीटरची जाळी आधी तुंबते. घरी पोचल्यावर सगळं धुऊन खरी दुरुस्ती करून घ्या.

पाईप बदलणं आणि कूलंट भरणं

जुना पाईप ओढून काढू नका, रेडिएटरची मान तुटते. ब्लेडनं लांबीत चीर देऊन सोलून काढा. मान घासून स्वच्छ करा. नवा पाईप चढवताना ग्रीस नको, साबणाचं पाणी लावा. तेलानं रबर फुगतं. क्लिप मानेवरच्या उंचवट्याच्या आत बसली पाहिजे, आणि प्लास्टिकच्या मानेवर ती बेताचीच आवळा. गॅस्केटच्या जागी सिलिकॉन पेस्ट भरायची असेल तर पातळ थर द्या. जादा पेस्ट आत सुटून फिरत राहते.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी वापरलंत तर क्षार साचून नळ्या बुजतील. हिरव्यात गुलाबी मिसळू नका. रंगावर भरवसा ठेवण्यापेक्षा डब्यावरचा प्रकार वाचा. भरताना हीटर गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा आणि वरचा पाईप गरम होईपर्यंत हवा निघू द्या, पातळी उतरली की भरत जा. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. आपल्या उन्हाळ्यातही इंजिनाला ठरलेलं तापमान लागतं. नाही तर पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते.

घाटात तापमानाचा काटा चढला तर

एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि जागा मिळताच गाडी बाजूला. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. आणखी एक: कूलंट पार संपलं की सेन्सर वाफेत लोंबकळतो आणि काटा खालीच दिसू शकतो. काटा चढून अचानक उतरला तर हायसं वाटून पुढे जाऊ नका, इंजिन बंद करा.

जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी मरतात. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर 'विष' असं लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला ते घेतात का विचारा.