संगणकावर जुळलेले मराठी अक्षर का बिघडते?

शाळेच्या वार्षिक अंकाची जुळणी संगणकावर पूर्ण होते. फाईल मुद्रणालयात पोहोचते आणि तेथील पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांच्या निरर्थक ओळी उमटतात. मजकूर नष्ट झाला, असे सर्वांना वाटते. वस्तुतः त्यातील एकही खूण बदललेली नसते. मग बिघाड कोठे असतो?

पूर्वीच्या जुळाऱ्यापुढे खिळ्यांची केस असे. कोणत्या खणात कोणता खिळा आहे, हे त्याला पाठ असे. संगणक अक्षर साठवीत नाही. तो केवळ खणाचा क्रमांक साठवितो. त्या क्रमांकाला आकार देतो तो फॉन्ट, आणि आकारांची योग्य मांडणी करते ती पृष्ठरचनेची आज्ञावली. क्रमांक, आकार आणि मांडणी या तिन्ही पायऱ्या वेगळ्या आहेत. दोष कोणत्या पायरीवर आहे, हे त्याच्या लक्षणावरूनच ओळखता येते.

पहिले लक्षण रोमन अक्षरांचे. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या खणांत भरलेले असत. ‘कृतिदेव ०१०’ या फॉन्टमध्ये ‘कि’ उमटविण्यासाठी रोमन ‘एफ’ व ‘डी’ यांचे क्रमांक साठविले जातात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘एफ’ व ‘डी’ हीच अक्षरे दिसणार. येथे तोच फॉन्ट बसविणे हा तात्पुरता उपाय होय. मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हा कायमचा.

दुसरे लक्षण रिकाम्या चौकोनांचे. क्रमांक शाबूत आहे, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये त्याचा आकार नाही, असा त्याचा अर्थ. देवनागरी असलेला युनिकोड फॉन्ट निवडताच मजकूर पूर्ववत दिसतो.

तिसरे लक्षण प्रश्नचिन्हांचे. ते सर्वांत गंभीर आहे. पेजमेकरसारख्या जुन्या आज्ञावलीला युनिकोड कळत नाही. तिच्यात असा मजकूर आणला, की अनोळखी क्रमांकाच्या जागी प्रश्नचिन्हाचाच क्रमांक लिहिला जातो. मूळ क्रमांक गेला, म्हणून कोणताही फॉन्ट बदलून उपयोग होत नाही. फाईल न साठविता बंद करावी आणि मूळ प्रतीकडे वळावे.

चौथे लक्षण विस्कटलेल्या मांडणीचे. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, जोडाक्षरे सुटून हलन्त दिसू लागतात. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५, तर पहिल्या वेलांटीचा २३६७ आहे. उच्चाराच्या क्रमानुसार ‘क’ आधी साठविला जातो. वेलांटी डावीकडे नेण्याचे काम मांडणीचे आहे. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ जुळणी निवडली, की हा दोष बहुधा दूर होतो.

मुद्रित पान निर्दोष दिसले, एवढ्यावर समाधान मानणे मात्र योग्य नव्हे. जुन्या फॉन्टमधील ग्रंथ छापून उत्तम येतो. पण त्याच्या फाईलीत ‘पाणी’ हा शब्द शोधू गेल्यास सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तेथे मराठी शब्दच नसतो. संस्थांच्या स्मरणिका, गावांचे इतिहास, नियतकालिकांचे अंक असे बरेच साहित्य या रूपात पडून आहे. ज्या फॉन्टमध्ये ते जुळले तो हरवला, तर फाईल असूनही ती वाचता येणार नाही.

आपल्या ग्रंथालयातील फाईलींची परीक्षा सोपी आहे. फाईलीची एक प्रत काढावी आणि तिच्यातील एखाद्या शब्दाला दुसरा युनिकोड फॉन्ट लावावा. शब्द मराठीच राहिला, तर साठवण युनिकोडची आहे. रोमन झाला, तर जुनी आहे. जुन्या फाईलींचे रूपांतर करताना मूळ फाईल व तिचा फॉन्ट जपून ठेवावा आणि नवा मजकूर छापील प्रतीशी ताडून पाहावा. मधले इंग्रजी शब्द, कंस व विरामचिन्हे रूपांतरात बदलू शकतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेदही पुसला जाण्याचा संभव असतो. समुद्राच्या जागी डोंगरातील खोरी आली, हे यंत्राच्या ध्यानी येत नाही. ते वाचकानेच पाहावे लागते.