धर्मपीठ आणि राज्यघटना : फिलिपाइन्समधील एक दीर्घ झुंज

आपल्या भारतीय राज्यघटनेत आजवर शंभराहून अधिक दुरुस्त्या झालेल्या असल्यामुळे, सार्वमताने मंजूर झालेली एखाद्या राष्ट्राची सनद जवळजवळ चार दशके लोटली तरी अक्षरशः जशीच्या तशी आहे, हे ऐकून मराठी वाचकास विस्मय वाटणे स्वाभाविक आहे. फिलिपाइन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेची स्थिती नेमकी अशीच आहे. ती बदलण्याची खटपट कुणी केलीच नाही असे मात्र नाही. रामोस, एस्त्रादा, अरोयो, दुतेर्ते आणि धाकटे मार्कोस अशा एकामागून एक राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत ती खटपट झाली आणि प्रत्येक वेळी निष्फळ ठरली. तिच्या वाटेत सिनेट होती, न्यायालय होते, विद्यार्थी आणि वकील होते. परंतु गावोगावच्या सामान्य माणसापर्यंत ज्याचा शब्द पोहोचतो असा विरोधक एकच होता, आणि तो म्हणजे त्या देशातील कॅथलिक धर्मपीठ.

सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशात दर दहा माणसांमागे सुमारे आठ माणसे कॅथलिक आहेत. तीनशे वर्षांहून अधिक काळ चाललेल्या स्पॅनिश अंमलात तेथील मठवासी धर्मगुरू जमीनदारही होते आणि राजसत्तेचे हस्तकही. त्यांच्या जुलमावर ज्याने कादंबऱ्या लिहिल्या, त्या होसे रिझालला ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलाच्या बागुंबायान मैदानावर गोळ्या घालण्यात आल्या. ज्या धर्मसंस्थेचा पूर्वेतिहास असा, तिनेच पुढे त्याच मैदानावर, म्हणजे आजच्या रिझाल उद्यानात, नागरिकांच्या सनदेच्या रक्षणासाठी लाखोंचा समुदाय गोळा करावा, हे परिवर्तन समजून घ्यावयाचे तर १९७२ सालापासून आरंभ केला पाहिजे.

त्या देशाच्या १९३५ च्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षास सलग आठ वर्षांहून अधिक काळ अधिकारपदावर राहण्याची मुभा नव्हती. फर्दिनांद मार्कोस हे १९६५ आणि १९६९ अशा दोन निवडणुका जिंकून चुकले होते आणि १९७३ च्या अखेरीस त्यांची मुदत संपत होती. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी लष्करी कायदा पुकारला, विरोधी पुढारी तुरुंगात टाकले, वृत्तपत्रे बंद केली आणि मग घटना परिषदेकडून आपल्या सोयीचा नवा मसुदा मंजूर करून घेतला. त्या मसुद्यावर गुप्त मतदानाने सार्वमत घ्यावयाचे होते. ते तहकूब करून जानेवारी १९७३ मध्ये वस्तीवस्तीत ‘नागरिक सभा’ भरविण्यात आल्या, जमलेल्या लोकांना हात वर करावयास सांगण्यात आले, आणि १७ जानेवारी रोजी एका फर्मानाने नवी घटना जनतेने स्वीकारल्याचे जाहीर झाले. शेजारीपाजारी पाहत आहेत, पलीकडे बंदुकधारी शिपाई उभे असल्याची जाणीव आहे, अशा स्थितीत हात खाली ठेवणे किती जणांना शक्य होते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या कारवाईविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. ३१ मार्च १९७३ रोजी निकाल लागला तेव्हा, घटना विहित पद्धतीने मंजूर झालेली नाही असे बहुसंख्य न्यायमूर्तींचे मत असूनही, ती अमलात येण्यास आता न्यायालयाचा अडथळा नाही, असा विलक्षण निर्णय बाहेर पडला. सरन्यायाधीश रोबेर्तो कोन्सेप्सियोन यांनी विरोधी मत नोंदविले. त्यानंतर महिनाही पुरा झाला नाही तोच, २४ एप्रिल १९७३ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत मांडला. तो खटला मुंबईच्या नानी पालखीवालांनी लढविला होता आणि त्यातील अर्जदार केरळातील एका मठाचे अधिपती होते. दोन आशियाई देशांतील न्यायालयांपुढे एकाच वसंतऋतूत घटनेचा प्रश्न यावा आणि उत्तरे इतकी भिन्न यावीत, ही गोष्ट आपल्याकडील घटनेच्या अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने विचारात घेतलेली नाही, असे मला वाटते.

त्या कठीण काळात फिलिपाइन्सच्या बिशपांनी काय केले? खरे सांगावयाचे तर बहुतेकांनी गप्प राहणे पसंत केले. १९७४ मध्ये मनिलाचे आर्चबिशप झालेले आणि पुढे कार्डिनलपदी चढलेले हायमे सिन यांनी सरकारशी ‘चिकित्सक सहकार्य’ करण्याचे धोरण स्वीकारले. बंदिवानांची दखल घेण्याचे काम धर्मसंघांच्या प्रमुखांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या पथकाने, विशेषतः त्यातील धर्मभगिनींनी, चिकाटीने केले. बिशपांची परिषद मात्र उशिरा जागी झाली. ७ फेब्रुवारी १९८६ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत मतमोजणीचे आकडे बदलले जात आहेत असे पाहून संगणकावर काम करणारे कर्मचारी उठून बाहेर पडले आणि आश्रयासाठी बाक्लारानच्या चर्चमध्ये गेले, तेव्हा जनतेचा विश्वास कोणत्या दरवाजावर उरला आहे हे सर्वांना दिसले. आठवडा उलटण्यापूर्वीच बिशपांच्या परिषदेने, लबाडीने मिळविलेल्या सत्तेला नैतिक अधिष्ठान नसते, असे पत्रक काढले. आणि २२ फेब्रुवारीच्या रात्री सिन यांनी रेडिओ वेरितासवरून, बंड करून छावणीत अडकलेले संरक्षणमंत्री एन्रिले व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले सेनानी रामोस यांच्या संरक्षणासाठी लोकांनी एडसा रस्त्यावर यावे, असे आवाहन केले. रणगाड्यांपुढे जपमाळा घेऊन गुडघे टेकणाऱ्या माणसांची छायाचित्रे तेव्हा जगभर प्रसिद्ध झाली. चार दिवसांत मार्कोस देश सोडून गेले.

नव्या घटनेचा मसुदा राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी नेमलेल्या अठ्ठेचाळीस सदस्यांच्या आयोगाने तयार केला. माजी न्यायमूर्ती सेसिलिया मुन्योस-पाल्मा अध्यक्षस्थानी होत्या. बिशप तेओदोरो बाकानी, जेझुइट घटनापंडित होआकिन बेर्नास आणि धर्मभगिनी क्रिस्टीन तान हे सदस्य होते. आणि विरोधी मत नोंदविणारे ते कोन्सेप्सियोनही तेथे होते, ज्यांच्या आग्रहाने न्यायालयास सत्तेच्या घोर दुरुपयोगाची चौकशी करण्याचे कर्तव्यच नेमून देण्यात आले. राष्ट्राध्यक्षाची मुदत सहा वर्षांची असावी आणि त्यास पुन्हा निवडणूक लढविता येऊ नये, ही तरतूद म्हणजे मार्कोस राजवटीच्या अनुभवातून निघालेले सार होते. २ फेब्रुवारी १९८७ रोजी तीन चतुर्थांशाहून अधिक मतदारांनी ही घटना मान्य केली.

या घटनेत बदल करावयाचा तर तीन मार्ग आहेत : काँग्रेसच्या सर्व सदस्यांपैकी तीन चतुर्थांशांची संमती, निवडून दिलेली घटना परिषद, अथवा नागरिकांनी स्वतः केलेली मागणी, जिच्यासाठी एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी बारा टक्के आणि प्रत्येक मतदारसंघात किमान तीन टक्के सह्या लागतात. मार्ग कोणताही असला तरी अंतिम शब्द सार्वमताचा.

पहिली मोठी परीक्षा रामोस यांच्या काळात झाली, आणि ती खरोखर कठीण होती. कारण रामोस हे वाईट राज्यकर्ते नव्हते. ते एडसाचे वीर होते. ज्या विजेच्या तुटवड्याने मनिला दिवसाकाठी कित्येक तास अंधारात बुडत असे तो त्यांनी दूर केला होता आणि १९९६ मध्ये दक्षिणेतील मोरो बंडखोरांच्या एका प्रमुख संघटनेशी तह केला होता. अशा माणसास आणखी एक कारकीर्द मिळाली तर बिघडले काय, हा प्रश्न त्यांचे समर्थक प्रामाणिकपणे विचारीत होते. डिसेंबर १९९६ मध्ये सह्यांच्या मार्गाने मुदतीची अट उठविण्याचा अर्ज निवडणूक आयोगाकडे गेला. १९ मार्च १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, या मार्गासाठी पुरेसा कायदाच अस्तित्वात नाही, असे ठरवून तो अडविला. तरी काँग्रेसचा मार्ग मोकळा होताच. तेव्हा २१ सप्टेंबर १९९७ रोजी, लष्करी कायद्याला पंचवीस वर्षे पूर्ण होत असतानाच, सिन आणि कोराझोन अकिनो यांनी रिझाल उद्यानात प्रार्थना सभा बोलाविली. लाखो लोक आले. रामोस यांनी सभेच्या तोंडावरच आपण पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले आणि जून १९९८ मध्ये ते पायउतार झाले.

रामोस हे त्या देशाचे पहिले प्रॉटेस्टंट राष्ट्राध्यक्ष असल्यामुळे हा विरोध सांप्रदायिक होता, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो मला मान्य नाही. दोनच वर्षांनी कॅथलिक एस्त्रादा यांनी परदेशी भांडवलावरील बंधने सैल करण्यासाठी दुरुस्तीचा प्रस्ताव आणला तेव्हा, त्याआडून मुदतीची अटही उठेल या संशयाने, सिन आणि अकिनो हे मकातीच्या रस्त्यावर पुन्हा उतरले, आणि तोही प्रस्ताव बारगळला. बिशपांनी विरोध केला तो एका विशिष्ट कृतीस : अधिकारावर बसलेल्या माणसाने आपल्याच अधिकाराची मर्यादा आपल्या हाताने खोडण्यास. १९७३ मध्ये ही कृती झाली तेव्हा ते बोलले नव्हते, आणि पुढील सगळ्या आग्रहाचे मूळ त्या मौनाच्या शल्यात आहे, असे माझे मत आहे.

२००६ चे प्रकरण अधिक तपशिलाने पाहण्याजोगे आहे. ग्लोरिया अरोयो यांच्या समर्थकांनी अध्यक्षीय पद्धत जाऊन संसदीय पद्धत यावी यासाठी त्रेसष्ट लाख सह्या जमविल्याचा दावा केला. ज्या कागदावर मतदाराने सही केली त्याकडे न्यायमूर्तींनी बारकाईने पाहिले तेव्हा त्यावर केवळ एक प्रश्न छापलेला आढळला : दोन सभागृहांची अध्यक्षीय पद्धत बदलून एका सभागृहाची संसदीय पद्धत आणावी हे आपणांस मान्य आहे काय? बदलावयाच्या कलमांच्या जागी नेमका कोणता मजकूर येणार, याचा कागदावर मागमूसही नव्हता. २५ ऑक्टोबर रोजी आठ विरुद्ध सात मतांनी अर्ज फेटाळला गेला. डिसेंबरात प्रतिनिधिगृहाच्या बहुमतवाल्यांनी सिनेटला वगळूनच घटनादुरुस्ती उरकण्याचा घाट घातला, तेव्हा बिशपांनी देशभर प्रार्थना सभांची हाक दिली आणि सभापती दे वेनेसिया यांना माघार घ्यावी लागली. सिन तत्पूर्वी, २००५ मध्ये, निवर्तले होते. एका प्रभावी कार्डिनलच्या दराऱ्यावर हे सारे अवलंबून असते तर ते त्यांच्याबरोबरच संपले असते. तसे झाले नाही, कारण रविवारच्या मिस्सेत वाचले जाणारे बिशपांचे पत्र आणि त्यावर धर्मग्रामात होणारी चर्चा यांतून घटनेचे शिक्षण बरीच वर्षे चालू होते.

या संस्थेचे दोषही मांडले पाहिजेत. ज्या सिन यांनी घटनेच्या शब्दाचा इतका आग्रह धरला, त्यांनीच जानेवारी २००१ मध्ये एस्त्रादा यांच्यावरील महाभियोगाची सुनावणी अर्धवट कोलमडल्यावर निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षास रस्त्यावरील समुदायाच्या जोरावर खाली खेचण्यास बळ दिले. भ्रष्टाचाराचे आरोप कितीही गंभीर असले तरी हा पायंडा घटनेच्या रक्षकास शोभणारा नव्हता. शिवाय परदेशी मालकीला चाळीस टक्क्यांची मर्यादा घालणारी कलमे कालबाह्य झाली आहेत असे म्हणणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांचे म्हणणे पोकळ नाही, आणि प्रत्येक प्रस्तावामागे मुदतवाढीचा डाव आहे असे गृहीत धरल्याने योग्य सुधारणाही रखडतात. निवडून दिलेल्या घटना परिषदेमार्फत, घाई न करता, लोकांना समजावून बदल व्हावा, असे बिशप म्हणत आले आहेत. परंतु अशी परिषद भरावी यासाठी विरोधाच्या निम्म्यानेही उत्साह त्यांनी दाखविलेला दिसत नाही.

बिशप म्हणतील तसे लोक वागतात, हा समजही चुकीचा आहे. कुटुंबनियोजनाच्या कायद्यास धर्मपीठाने वर्षानुवर्षे सर्व सामर्थ्यानिशी विरोध केला, तरी डिसेंबर २०१२ मध्ये तो मंजूर झालाच. राज्य आणि धर्मसंस्था यांची फारकत अनुल्लंघनीय आहे असे तीच १९८७ ची घटना सांगते, आणि नागरिकांनी ती आपल्या व्यवहारात उतरविली आहे : जेथे बिशपांचे म्हणणे त्यांच्या स्वतःच्या अनुभवाशी जुळले तेथे ते त्यांच्यामागे गेले, जेथे जुळले नाही तेथे गेले नाहीत. घटनेच्या बाबतीत ते जुळले, कारण हात वर करावयास लावलेल्या त्या सभा घराघरांत आठवत होत्या.

दुतेर्ते यांच्या काळात संघराज्यात्मक घटनेचा मसुदा माजी सरन्यायाधीश रेनातो पुनो यांच्या समितीने २०१८ मध्ये तयार केला. त्या वर्षारंभीच बिशपांनी मुदतवाढीच्या धोक्याची सूचना देणारे पत्रक काढले होते, आणि सिनेटच्या अनास्थेमुळे तो विषय मागे पडला. धाकट्या मार्कोस यांच्या काळात, २०२४ च्या जानेवारीत, पुन्हा सह्यांची मोहीम निघाली, पैशांच्या वा मदतीच्या आमिषाने सह्या घेतल्या जात असल्याच्या तक्रारी आल्या, मजकूर न वाचता सही करू नका असे बिशपांनी लोकांना बजावले, आणि महिनाअखेरीस निवडणूक आयोगाने या मोहिमेसंबंधीचे सर्व कामकाज थांबविले. सहा वर्षांची मुदत आणि ती एकदाच, ही तरतूद अद्याप जागच्या जागी असून तिच्याच अन्वये पुढील राष्ट्राध्यक्षाची निवडणूक मे २०२८ मध्ये व्हावयाची आहे.