मोटारसायकलीच्या टाकीचा पोचा

पूर्वीं शेतकऱ्याच्या दारांत बैलजोडी असे, तशी आज मोटारसायकल असते. दुधाचा कॅन, खताची गोणी, आजारी माणूस, सर्व कांहीं तिच्यावरून जातें. बांधावरून ती घसरली, कीं पेट्रोलच्या टाकीस पोचा पडतो आणि धनी ती घेऊन वेल्डिंगच्या दुकानीं जातो. आमच्या पुतण्यानेंहि असेंच केलें. आदल्या रात्रीं टाकी रिकामी केली होती; "आंत थेंबहि नाहीं," अशी खात्री त्यानें कारागिरास दिली. ज्योत लागतांच टाकी फुटली. कारागिराचा जीव वांचला, पण उजव्या हाताचीं दोन बोटें कायमचीं आखडलीं. चूक आमच्या घरची, भोग दुसऱ्याचा. म्हणून हें लिहीत आहों.

भरलेल्या टाकीपेक्षां रिकामी टाकी अधिक घातक असते. पेटतें तें पातळ पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. हवेंत ती शेंकडा सुमारें १.५ ते ७.५ असली म्हणजे ठिणगीनें स्फोट होतो. ही वाफ हवेहून जड असल्यामुळें टाकीच्या तळाशीं व सांध्यांत दडून राहते.

यासाठीं टाकी गाडीवरून उतरावी. ज्या गाड्यांत पंप टाकींतच असतो, त्यांच्या बॅटरीची तार आधीं सोडावी. पेट्रोल उघड्या जागीं, विस्तवापासून दूर, योग्य डब्यांत काढावें. नंतर साबणाच्या पाण्यानें टाकी अनेकदां विसळावी. इतकें करूनहि तिला आंच लावूं नये.

मग पोच्याची पाहणी करावी. तो उथळ असून रंग शाबूत असेल, तर गरम डिंकानें त्यावर ओढणीची चकती चिकटवून हळूहळू ओढावें. एका ओढींत काम होत नाहीं. कडेला उठलेला उंचवटा लांकडी मोगरीनें हलकेच ठोकावा. तांबट पातेलें मठारतो, तसेंच हें धीराचें काम आहे.

पोचा खोल असून पत्र्यास घडी पडली असेल, तर पत्रा ताणलेला असतो. तो पूर्ववत् होत नाहीं. शक्य तितका वर आणून, रंग खरवडून, पातळ पुट्टी भरावी व वर प्रायमर आणि रंग द्यावा.

कांहीं लोक टाकींत दाबाची हवा भरून पोचा फुगवूं पाहतात. हिशेब करावा: ३० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद पत्र्यावर, दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब धरला, तर ६०० किलो, म्हणजे ६ क्विंटल भार पडतो! सांधा उकलणारच.

शेवटीं पाणी भरून गळती पाहावी व टाकी उन्हांत पूर्ण वाळवावी. हल्लीं पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी ओढून घेतें, म्हणून आंत ओल राहतां कामा नये.

गळणारी टाकी मात्र या कामांत मुरलेल्या माणसाकडेच न्यावी आणि तींत पेट्रोल होतें, हें त्यास प्रथम सांगावें. नुसता पोचा असेल, तर गाडी त्यावांचून अडत नाहीं. दिसावयास तो वाईट खरा. परंतु त्यापायीं कोणाचा हात जाऊं नये.