डोळे मिटण्याआधीचं काम

सकाळी नऊ. पणजीतल्या माझ्या दवाखान्यात पहिला पेशंट दहाला येतो. त्याआधीचा तास वह्यांचा. प्रत्येकाच्या पानावर त्याचे शब्द लिहिलेले असतात: कशाने बरं वाटतं, कशाने छातीत धडधडतं, घरी कुठल्या भाषेत भांडतो. संमोहनाच्या छापील स्क्रिप्ट मिळतात, त्यात हमखास समुद्रकिनारा असतो. गोव्यात हे फार सोयीचं वाटतं. पण समोरच्याच्या घरातलं कुणी समुद्रात गेलेलं असेल तर? म्हणून चित्र मी देत नाही, त्यांच्याकडून मागून घेते.

दहा. नवा पेशंट, चाळिशीतला, दिवसाला पाकीटभर सिगारेट. ‘‘मॅडम, एका सिटिंगमध्ये सुटते ना?’’ मित्राने त्याला कसला तरी व्हिडिओ दाखवला होता. मी त्याला सरळ सांगते की संमोहनाने सिगारेट सुटते का, यावर झालेले अभ्यास गोळा करून २०१९ साली कॉक्रेन या संस्थेचा आढावा निघाला. इतर उपायांपेक्षा संमोहन सरस आहे असं म्हणण्याइतका पुरावा त्यात सापडला नाही. तेव्हा निकोटिनच्या गोळ्या, डॉक्टरांचा सल्ला आणि त्यांच्या जोडीला हे, असं चालणार असेल तर थांबा. काही जण इथेच उठतात. हा बसला.

मग तासभर नुसते प्रश्न. पहिली कुठे ओढता? कुणाबरोबर? कुठली ओढलेली आठवतसुद्धा नाही? शेवटी निघालं असं की बहुतेक सिगारेटी सवयीने पेटतात. खरी तलफ तीनच वेळा येते: उठल्यावर, जेवणानंतर आणि साहेबाचा फोन ठेवल्यावर. पुढच्या वेळी सूचना द्यायच्या त्या या तीन जागांसाठी. ‘सिगारेट सोड’ असं मोघम सांगून काही होत नाही; ‘फोन ठेवलास की हात आधी पाण्याच्या बाटलीकडे जाईल’ हे मनाला धरता येतं. आज डोळे मिटायला लावलेच नाहीत म्हणून तो जरा हिरमुसला.

साडेअकरा. या बाई बँकेत आहेत, दिवाडी बेटावरून फेरीबोटीने येतात. पोटात कळा, फुगारा, कधी जुलाब तर कधी चार दिवस काहीच नाही. डॉक्टरांच्या भाषेत आयबीएस. पोटविकारतज्ज्ञांचे सगळे रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी त्यांना घेतलं नव्हतं. दुखण्यामागे दुसरंच काही असेल आणि मी ते सूचनांनी दडपून ठेवलं, तर अनर्थच.

संमोहनाची बाजू सगळ्यांत भक्कम आहे ती या आजारात. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अभ्यास छापला: कशानेच गुण न आलेले ३० रुग्ण, काहींना संमोहन, काहींना बोलण्यातून उपचार. संमोहनवाल्यांना कितीतरी जास्त आराम पडला. ३० हा आकडा लहानच. पण पुढेही काम होत राहिलं, आणि वर्षभर औषधं घेऊन फरक पडला नाही तर याचा विचार करावा, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत २००८ साली आलं.

बाई खुर्चीत मागे टेकतात. भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहायचं, श्वास सोडताना खांदे सोडायचे, पापण्या जड झाल्या की मिटू द्यायच्या. मग दहापासून उलटे आकडे. चौथ्या आठवड्यात त्यांना सहाच्या पुढे जावं लागत नाही. चेहरा सैल होतो, श्वास लांबतो. ही झोप नव्हे. खालच्या बसचा हॉर्न त्यांना ऐकू येतो, पण तो त्यांच्या कामाचा नसतो. लक्ष एकाच जागी इतकं गोळा होतं की बाकीचं आपोआप मागे सरतं, आणि सांगितलेली गोष्ट मन लगेच उलटतपासणीला घेत नाही. तेवढ्या वेळात काम करायचं.

तळहात पोटावर. हाताची ऊब आत उतरतेय, असं मी सांगते. मँचेस्टरच्या पद्धतीत आतड्यांसाठी नदीचं चित्र वापरतात. बाईंनी नदीवरची फेरी निवडली. घाई नाही, अडणं नाही, ठरल्या चालीने या काठावरून त्या काठाला. पहिल्या आठवड्यात फेरी मधेच बंद पडायची, हे त्यांनीच हसत सांगितलं होतं. आज पोचली. जागं करताना पाचपर्यंत मोजते, आणि रोज ऐकायचं रेकॉर्डिंग ऐकलं का, हे विचारतेच. ज्यांनी ऐकलेलं नसतं त्यांची नजर आधी चपलांकडे जाते.

एक. डबा खाऊन जुन्या सचिवालयापाशी चक्कर. तिथे आबे फारिया यांचा पुतळा आहे, पर्यटक त्याच्यासमोर हात पसरून फोटो काढतात. फारिया इथलेच, १७५६ साली कांदोळीत जन्मलेले. वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले, रोममध्ये धर्मशास्त्र शिकले आणि १८१३ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी लोकांसमोर संमोहनाचे प्रयोग सुरू केले. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन देताना ते गडबडले आणि ‘ही सगळी भाजी आहे, काप’ असं वडील कोकणीत पुटपुटताच त्यांची जीभ सुटली, असं गोव्यात सगळेच सांगतात. खरं असो-नसो, सूचना म्हणजे काय हे समजवायला मला ती गोष्ट फार उपयोगी पडते.

त्या काळी मेस्मर या डॉक्टरचे अनुयायी म्हणत, संमोहन करणाऱ्याच्या अंगातून चुंबकीय द्रव वाहतो. फारियांनी सांगितलं, असला द्रव-बिव काही नाही. जे घडतं ते समोरच्याच्या मनात. १८१९ मध्ये ते पॅरिसमध्येच वारले. १९४५ साली उभा राहिलेला रामचंद्र पांडुरंग कामत यांचा पुतळा देखणा आहे, पण त्यात फारिया हात पसरून उभे आणि बाई खाली कलंडलेली. शक्ती जणू त्या बोटांतूनच निघतेय! ज्या समजुतीशी माणूस भांडला, तीच त्याच्या नावाने ब्राँझमध्ये उभी आहे. माझ्याकडे येणारे निम्मे लोक हाच पुतळा डोक्यात घेऊन येतात.

अडीच. फोन. एका आईला मुलाच्या मनात बारावीचा अभ्यास ‘भरून’ हवा आहे. एका नवऱ्याला बायकोचा राग घालवायचाय, बायकोला मात्र यायचं नाही. दोघांनाही नाही म्हणते. तिसऱ्या बाई पूर्वजन्माचं विचारतात. इथे नकार जास्त वेळ खातो, कारण त्यांचं दुःख खरं असतं. संमोहनात आठवणी खोदून निघत नाहीत, तयार होतात. आणि मग माणूस त्यांवर पूर्वीपेक्षा जास्त ठाम असतो. म्हणून आठवणी शोधायला संमोहन मी वापरतच नाही. आजचं बोलायचं असेल तर या, म्हटलं. त्या विचार करून सांगणार आहेत.

चार. बोटीवर काम करणारा तरुण, विमानाला घाबरतो. बोट गाठायला मात्र विमानानेच जावं लागतं. मागच्या वेळी त्याची संमोहनक्षमता मोजली. स्टॅनफर्डमध्ये वाइत्झेनहॉफर आणि हिल्गार्ड यांनी १९५९ मध्ये यासाठी चाचण्या बनवल्या. त्यांतल्या एकीत कानाशी डास गुणगुणतोय अशी सूचना असते. (पणजीत तो डास सूचनेचा की खरा, हे आधी पाहावं लागतं.) याचा गुण अगदी कमी आला. मनाने कणखर असलेले संमोहित होत नाहीत हा गैरसमज आहे. कुणात हा गुण जास्त असतो, कुणात कमी, आणि तो वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही. त्याच्यासाठी आम्ही खोल तंद्रीचा नाद सोडला. नुसता श्वास, सैल अंग आणि मनातल्या मनात पायऱ्या: बॅग, टॅक्सी, चेक-इन, दार बंद होण्याचा आवाज. भीती वाढली की एक पायरी मागे. आज तो दारापर्यंत गेला. पुढच्या आठवड्यात विमानतळावर खरोखर जाऊन नुसतं बसून यायचंय, तेही एकट्याने.

सहा. भावाने एका मुलीला आणलंय. झोप नाही, चिडचिड, ‘‘जरा रिलॅक्स करून द्या.’’ भावाला बाहेर बसवून बोलले. शेजारचे तिच्याबद्दल भिंतीतून बोलतात, रात्रीही, आणि ते तिला स्पष्ट ऐकू येतं. खरं-खोटं आधीच एकमेकांत मिसळलेलं असताना मी तिला डोळे मिटून आणखी चित्रं पाहायला लावणार नाही. तिला मानसोपचारतज्ज्ञाची आणि औषधाची गरज आहे. भाऊ ऐकेना. ‘‘मॅडम, इतक्या लांबून आलोय, एक तरी सिटिंग घ्या.’’ बांबोळीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढल्यावर तो गप्पच झाला. त्या इस्पितळाला अजून लोक वेड्यांचं म्हणतात. मग फी घेतली नाही, चिठ्ठी लिहिली, आणि तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांना त्याच्यासमोरच फोन लावला. ते म्हणाले, उद्या सकाळी पाठवा. भावाने वेळ दोनदा विचारून घेतली.