फ्रेशर्स भारी की सीनियर्स?

‘एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला दीड कोटी डॉलर? त्यापेक्षा पोरांना खेळवा ना!’ माझा मावसभाऊ तावातावाने बोलत होता. जून २०२५. स्थळ : बाल्टिमोरचं कॅम्डेन यार्ड्स स्टेडियम. मी त्याच्याकडे पाहुणी. बेसबॉलमधलं तोवर ओ की ठो कळत नव्हतं, पण वाद ओळखीचा वाटला. अप्रायझलच्या दिवसांत प्रत्येक ऑफिसच्या कँटीनमध्ये हाच तर रंगतो! त्यातून भाऊ दुखावलेला. त्याला हवी असलेली टीम लीडची खुर्ची नुकतीच बाहेरून आणलेल्या एका सीनियरला मिळाली होती.

त्याची लाडकी टीम बाल्टिमोर ओरिओल्स. २०२१ मध्ये या टीमने १६२ पैकी ११० मॅचेस हरल्या. पण तळाला राहण्याचाही एक फायदा असतो, नवे खेळाडू निवडताना नंबर आधी लागतो. कॅचर अ‍ॅडली रचमन असाच २०१९ मध्ये मिळाला. मग गनर हेंडरसन आला आणि २०२३ मध्ये याच टीमने चक्क १०१ मॅचेस जिंकल्या! हेंडरसन त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. सही ना?

गडबड कुठे झाली?

२०२४ च्या सीझननंतर हुकमी पिचर कॉर्बिन बर्न्स सहा वर्षांचे २१ कोटी डॉलर घेऊन अ‍ॅरिझोनाला गेला. त्याच्या तोडीचा कुणी आणण्याऐवजी टीमने आणले ४१ वर्षांचा चार्ली मॉर्टन, जपानचा ३५ वर्षांचा तोमोयुकी सुगानो आणि ३७ वर्षांचा काइल गिब्सन. सगळे एकेका वर्षाच्या करारावर. मॉर्टनची सुरुवात भयंकर झाली. गिब्सन चार मॅचेसनंतर घरी. मे महिन्यात मॅनेजर ब्रँडन हाइडचीही उचलबांगडी झाली.

‘बघ, म्हाताऱ्यांनी वाट लावली,’ भाऊ म्हणाला.

‘आणि तुझी पोरं?’ मी विचारलं. कारण जॅक्सन हॉलिडेची गोष्ट त्यानेच मला गाडीत सांगितली होती. २०२२ च्या ड्राफ्टमधला हा पहिल्या नंबरचा खेळाडू एप्रिल २०२४ मध्ये विसाव्या वर्षी टीममध्ये आला. ३४ प्रयत्नांत फक्त दोन हिट्स! दहा मॅचेसनंतर त्याला खालच्या लीगमध्ये परत धाडलं. रचमनला तर २०२५ मध्ये दुखापतींनीच गाठलं. पोटेन्शियल म्हणजे काही एफडी नव्हे, मुदत संपली की रक्कम हातात पडायला.

पण मॉर्टनला शिव्या घालणंही मला पटेना. चूक त्याच्या वयाची नव्हती. जिथे खांब हवा होता, तिथे वर्षभराच्या भाड्याचे टेकू लावले, ही चूक होती. जुलैअखेर त्याच मॉर्टनला डेट्रॉइटने उचललं, म्हणजे त्याला गिऱ्हाईक होतंच! ओरिओल्सने मात्र सीझन संपवला ७५ विजयांवर.

डिसेंबर २०२५ मध्ये भावाचा मेसेज आला. ओरिओल्सने ३१ वर्षांच्या पीट अलोन्सोला पाच वर्षांसाठी १५.५ कोटी डॉलर देऊन आणलं होतं. ‘हा भाडेकरू नाही, घरचा माणूस होणार,’ असं साहेबांचं म्हणणं. खाली आणखी एक ओळ : ‘आमचा सीनियर तितका वाईट नाही. क्लायंटला “नाही” कसं म्हणायचं, ते त्याच्याकडून शिकतोय.’

तर दोस्तहो, तुमच्या टीममध्ये उद्या कुणी सीनियर आलाच, तर आधी त्याचं वय मोजू नका. तो कशासाठी आलाय आणि किती दिवस थांबणार आहे, ते विचारा!