वाम मासा : साप नव्हे आणि औषधही नव्हे

भंडारदरा परिसरात विकायला येणाऱ्या मासळीत कधी कधी हातभर लांबीचा, सापासारखा वाम मासा दिसतो. काही जण तो पाहताच तोंड फिरवतात. काही जण मात्र मुद्दाम शोधत येतात, कारण वामचा रस्सा दिला की अशक्त माणसाच्या अंगात रक्त भरते, असा समज आहे. हे दोन्ही समज आज तपासून पाहू.

वाम हा शंभर टक्के मासाच आहे. त्याला कल्ले आहेत, छातीजवळ लहान परांची जोडी आहे आणि अंगावर अगदी बारीक खवलेही आहेत. सापाला कल्ले नसतात आणि परही नसतात. वामच्या नाकाशी छोट्या सोंडेसारखा मांसल भाग असतो आणि पाठीवर सुट्या, टोकदार काट्यांची रांग असते. दिवसा तो डोहाच्या तळाशी, दगडांच्या कपारीत किंवा चिखलात दडून बसतो. रात्री बाहेर पडून किडे, अळ्या, झिंगे व लहान मासे खातो.

वामसारखाच दिसणारा, पण पाठीवर काटे नसलेला दुसरा मासा म्हणजे अहीर. वामची वीण गोड्या पाण्यातच होते. अहीर मात्र समुद्रात जन्मतो, लहानपणी नदीतून वर चढतो आणि वाढ झाल्यावर अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे जातो. प्रवरेचे पाणी गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला मिळते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, पुढे १९७६ मध्ये गोदावरीवर जायकवाडी उभे राहिले. अशा भिंती अहीरची वाट अडवतात.

आता आहाराविषयी. शंभर ग्रॅम मासळीतून साधारण १६ ते २० ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. भाजी-भाकरीत नसलेले ब-१२ जीवनसत्त्वही मिळते. म्हणून वाम जरूर खावा. पण त्यात लोह किती? शंभर ग्रॅममध्ये जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. शासनातर्फे गरोदर व स्तनदा मातांना मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते.

माझ्याकडे एक बाळंतीण आली होती. तिचे हिमोग्लोबिन ७ होते. गोळ्यांनी मळमळते म्हणून घरच्यांनी त्या बंद करून तिला वामचा रस्सा सुरू केला. महिन्याने पाहिले तर आकडा तसाच आणि बाई जिना चढताना धापा टाकत होती. घरच्यांची माया खरी होती, पण उपाय अपुरा होता. गोळी जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. गोळीबरोबर चहा मात्र घेऊ नये. तरीही त्रास झाला तर डॉक्टरांना विचारावे, गोळी परस्पर बंद करू नये.

ईशान्य भारतात कुचिया नावाच्या अशाच लांबट माशाचे ताजे रक्त रक्तवाढीसाठी पितात. हा प्रयोग कोणी करू नये. अहीरच्या कच्च्या रक्तात विषारी द्रव्य असते. ते डोळ्यात किंवा जखमेत गेल्यास आग होते. चांगले शिजवल्यावर ते नष्ट होते. गोड्या पाण्यातील कच्च्या मासळीतून कृमीही पोटात जाऊ शकतात.

मासा घेताना कल्ले लालसर व मांस घट्ट असल्याची खात्री करावी. विषारी औषध टाकून मारलेली मासळी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. वामला चुलीची राख चोळली की बुळबुळीतपणा जातो आणि पकड येते. पाठीचे काटे कात्रीने काढावेत, पोट साफ करून तुकडे करावेत. हळद, मीठ व चिंचेचा कोळ लावून थोडा वेळ ठेवावेत. मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण व काळा मसाला घालून रस्सा करावा. मणक्याजवळचे मांस पांढरे होऊन काट्यापासून सहज सुटले, की मासा शिजला असे समजावे.

हा रस्सा गरम भाताबरोबर बाळंतिणीला खुशाल वाढा. पण तिचे जेवण झाले की लोहाची गोळीही तिच्या हातावर ठेवायला विसरू नका.